पिलांची हगवण आणि प्रयोगशाळा: वराहपालक आणि फील्डवरच्या डॉक्टरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पशुरोग निदानाच्या प्रयोगशाळेत काम करतो. डुकराच्या पिलांना जुलाब लागले की आमच्याकडे फोन येतात. बहुतेक वेळा फोन येतो तेव्हा एका वेतातली निम्मी पिलं गेलेली असतात, उरलेल्यांना दोन-तीन प्रतिजैविकं टोचून झालेली असतात, आणि फ्रीजरमध्ये कालपासून एक मेलेलं पिल्लू ठेवलेलं असतं. मग आम्ही नाइलाजाने सांगतो की यातून फारसं काही निघणार नाही. हे सांगावं लागू नये म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे.

जुलाब विषाणूमुळे आहेत की जिवाणूंमुळे, हे नुसतं बघून कळतं का?

अंदाज बांधता येतो, आणि तो बांधायलाच हवा, कारण कोणती तपासणी मागायची हे त्या अंदाजावर ठरतं.

आधी वय बघा. जन्मल्यापासून तीन-चार दिवसांत पाण्यासारखे जुलाब असतील तर ई. कोलायचा संशय पहिला. पहिल्याच आठवड्यात रक्ताळ जुलाब होऊन पिलं पटापट जात असतील तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स टाइप सी. साधारण दुसऱ्या आठवड्यात पिवळसर, लोण्यासारखी चिकट विष्ठा दिसली तर कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले एकपेशीय परजीवी. रोटाव्हायरस बहुतेक करून एक ते पाच आठवड्यांच्या पिलांत आणि दूध तोडल्यानंतर दिसतो. आणि दोन-तीन दिवसांत अख्खा फार्मच हगू लागला, माद्या खाणं सोडून बसल्या, पिलं दूध ओकू लागली, तर टीजीई किंवा पीईडी या कोरोनाव्हायरसच्या आजारांचा विचार आधी करायचा.

दुसरी सोपी गोष्ट लिटमस कागदाची. शाळेच्या प्रयोगशाळेत मिळतो तोच. विषाणू लहान आतड्याच्या आतलं अस्तर उद्ध्वस्त करतात, त्यामुळे दुधातली साखर पचत नाही, ती मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि विष्ठा आम्लधर्मी होते. निळा कागद लाल होतो. ई. कोलायमध्ये आतडं स्वतःच पाणी आणि क्षार बाहेर टाकत असतं, त्यामुळे विष्ठा बहुधा आम्लारिधर्मी असते आणि लाल कागद निळा होतो. दोन्ही जंतू एकाच वेळी असले की हे गणित बिघडतं. तरीही औषध टोचण्याआधी कागद लावून निकाल चिठ्ठीवर लिहून पाठवलात तर आमच्या फार उपयोगी पडतो.

नेमके कोणते विषाणू आहेत हे?

टीजीई, म्हणजे ट्रान्समिसिबल गॅस्ट्रोएन्टरायटिस, हा यातला जुना. १९४६ मध्ये अमेरिकेत डॉइल आणि हचिंग्ज यांनी त्याचं वर्णन केलं. आठवड्याच्या आतल्या पिलांत तो शिरला तर जवळपास सगळीच पिलं जातात.

पीईडी, म्हणजे पोर्साइन एपिडेमिक डायरिया, १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये लक्षात आला. लक्षणं टीजीईसारखीच, पण टीजीईची तपासणी निगेटिव्ह येत होती. १९७८ मध्ये बेल्जियममध्ये पेन्सार्ट आणि डी बूक यांनी त्याचा विषाणू दाखवला. सीव्ही७७७ या नावाने तो प्रकार आजही संदर्भासाठी वापरतात. बरीच वर्षं हा युरोप आणि आशियातला आजार मानला जायचा. २०१० च्या शेवटी चीनमध्ये त्याचे जास्त घातक प्रकार पसरले, आणि २०१३ च्या वसंतात तो अमेरिकेत पोहोचला. तिथल्या माद्यांनी हा विषाणू कधी पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे दुधातून पिलांना काहीच संरक्षण मिळालं नाही. पहिल्या वर्षभरात सुमारे ७० लाख पिलं गेल्याचा अंदाज आहे.

त्याच सुमारास पोर्साइन डेल्टाकोरोनाव्हायरस आला. २०१२ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी तो नोंदवला आणि २०१४ च्या सुरुवातीला अमेरिकेत ओहायोमध्ये जुलाब झालेल्या डुकरांत सापडला. हा पीईडीपेक्षा सौम्य, पण पेनमध्ये, म्हणजे डुकरांच्या खणात, उभं राहून दोघांतला फरक कुणालाही सांगता येणार नाही. आणखी एक म्हणजे सॅड्स, म्हणजे स्वाइन अ‍ॅक्यूट डायरिया सिंड्रोम, हाही कोरोनाव्हायरसच. २०१६ च्या अखेरीपासून चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात चार फार्मांवर त्याने २४,६९३ पिलं मारली. त्याचं मूळ वटवाघळांतल्या विषाणूत सापडलं.

आणि रोटाव्हायरस. डुकरांमध्ये त्याचे ए, बी, सी आणि एच असे गट सापडतात. भारतात पिलांच्या हगवणीत ए गट वारंवार दिसतो. आपल्याकडच्या वराहपालकाने रोजच्या विचारात घ्यायचा विषाणू कोणता असं विचाराल तर मी याचंच नाव घेईन.

कोरोनाव्हायरस म्हणता, म्हणजे कोविडच का? आमच्या घरच्यांना धोका आहे का?

कुळ एक, घराणी वेगळी. टीजीई, पीईडी आणि सॅड्स हे अल्फा गटातले, डेल्टाकोरोना नावाप्रमाणे डेल्टा गटातला, आणि कोविडचा विषाणू बीटा गटातला. कोविडच्या किटवर डुकराचा नमुना लावून काही कळत नाही. असा प्रयत्न करून झाल्यावर फोन करणारेही भेटले आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

टीजीई आणि पीईडी माणसाला होत नाहीत. डेल्टाकोरोना मात्र हैतीमधल्या तीन मुलांच्या २०१४-१५ मधल्या नमुन्यांत सापडल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. रोटाव्हायरसचे डुकरांतले आणि माणसांतले प्रकार एकमेकांत मिसळतात, हेही माहीत आहे. घाबरून जाऊ नका, पण आजारी पिलं हाताळल्यावर साबणाने हात धुवा, आणि घरातल्या तान्ह्या मुलाला घेण्याआधी कपडे बदला.

नमुना कोणत्या पिलाचा घ्यायचा? सगळ्यात मरतुकडं दिसतं त्याचा ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मरणाच्या दारात असलेलं पिल्लू तीन-चार दिवस आजारी असतं. तोवर विषाणूने भरलेल्या पेशी गळून विष्ठेतून निघून गेलेल्या असतात, मागे दुसऱ्या जंतूंनी घर केलेलं असतं, आणि औषधंही पोटात गेलेली असतात. आम्हाला हवं असतं ते आज सकाळीच जुलाब सुरू झालेलं पिल्लू. म्हणजे २४ तासांच्या आतलं, औषध न दिलेलं, अजून दुधाला तोंड लावणारं. अशी तीन ते पाच पिलं निवडा, शक्यतो दोन-तीन वेगवेगळ्या माद्यांची.

विष्ठा घ्यायची तर पिल्लू उचलून पोटावरून हलका हात फिरवला की बहुतेक वेळा थेट बाटलीत येते. पाच-दहा मिली पुरे. जमिनीवरची, लाकडाच्या भुशात मिसळलेली विष्ठा आणू नका. येत नसेल तर गुदमार्गातून स्वॅब घ्या. स्वॅब पॉलिएस्टरचा, प्लास्टिकच्या काडीचा असावा. लाकडी काडी आणि कॅल्शियम अल्जिनेटचा बोळा यांतून निघणारे पदार्थ पीसीआर, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य वाढवून शोधणारी तपासणी, अडवतात. जिवाणूंच्या कल्चरसाठी, म्हणजे ते वाढवून पाहण्यासाठी, मिळणारी, काळ्या कोळशाच्या जेलची नळी पीसीआरसाठी वापरू नका. थोड्या सलाइनमध्ये स्वॅब बुडवून झाकण घट्ट लावलं की झालं.

मोठ्या, दूध तोडलेल्या डुकरांचा कळप तपासायचा असेल तर एक छान पद्धत आहे. पेनमध्ये सुती दोर टांगायचा, वीस-तीस मिनिटं डुकरं तो चघळतात, मग दोर पिळून लाळ बाटलीत घ्यायची. एका दोरातून पंचवीसेक डुकरांचा अंदाज येतो आणि एकालाही धरावं लागत नाही.

मेलेलं पिल्लू आहे. आतडं किती वेळात काढावं?

शक्य तितक्या लगेच. विचार मिनिटांत करा.

आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांना रसांकुर किंवा व्हिलाय म्हणतात. पचलेलं दूध इथूनच रक्तात शिरतं. हे सगळे विषाणू नेमके या रसांकुरांवरच्या पेशींवर तुटून पडतात. निरोगी तान्ह्या पिलात रसांकुराची उंची त्याच्या बुंध्याशी असलेल्या क्रिप्टच्या, म्हणजे बारीक खळग्याच्या, खोलीच्या सुमारे सातपट असते. टीजीई किंवा पीईडीमध्ये ती तिपटीवर, कधी बरोबरीला येते. सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहिलं की रिपोर्ट लिहिताना मनात शंका राहत नाही. पण मेल्यानंतर पाचक रस आतड्यालाच पचवायला लागतात आणि सगळ्यात आधी हेच रसांकुर विरघळतात. उन्हाळ्यात अर्ध्या तासात फरक पडतो, दोन तासांत स्लाइडवर नुसतं राखाडी धुकं उरतं. त्या धुक्यात विषाणूने केलेलं नुकसान कोणतं आणि कुजण्याने झालेलं कोणतं, हे कुणीही सांगू शकत नाही.

म्हणून आजारी पिल्लू वाचण्यासारखं नसेल तर पशुवैद्यकाने त्याला वेदनारहित मृत्यू द्यावा आणि तिथल्या तिथे आतडं काढावं, हा सर्वांत चांगला मार्ग. हा निर्णय पालकाला जड जातो, मी समजू शकतो. पण एका पिलाच्या ताज्या आतड्याने पुढच्या दहा वेतांचं काय करायचं ते कळतं.

डॉक्टरांसाठी एक गोष्ट, जी मला माझ्या शिक्षकांनी शिकवली आणि जिला कोणतंही यंत्र लागत नाही. जेजुनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागाचा, एक सेंटीमीटरचा तुकडा उभा चिरा, सलाइनमध्ये हलक्या हाताने धुवा आणि पेट्री डिशमध्ये सलाइनखाली ठेवून भिंगातून पाहा. निरोगी तुकडा मखमलीसारखा दिसतो, डिश हलवली की रसांकुर पाण्यातल्या शेवाळासारखे डोलतात. आजारी तुकडा गुळगुळीत, बोडका दिसतो. खात्री करायची असेल तर त्याच पिलाचा ड्युओडेनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा, तुकडा शेजारी ठेवा. टीजीईमध्ये तो सहसा वाचलेला असतो, त्यामुळे मखमल आणि बोडकं शेजारीशेजारी दिसतात. शव उघडतानाच आतड्याची भिंत कागदासारखी पातळ आणि पारदर्शक दिसली, आत पिवळं पाणी आणि न पचलेल्या दुधाच्या गुठळ्या असल्या, आणि आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात दुधाळ पांढऱ्या रेषा दिसल्या नाहीत, तर दूध रक्तात पोहोचतच नव्हतं हे जागेवरच कळतं.

पॅकिंग कसं करायचं?

दोन वेगळे डबे करा. पहिल्यात फॉर्मेलिन. जेजुनम आणि इलियमचे (लहान आतड्याचा शेवटचा भाग) प्रत्येकी तीन-चार, ड्युओडेनम आणि मोठ्या आतड्याचा एकेक, असे दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये ठेवा. तुकड्यांच्या दहापट फॉर्मेलिन हवं. तुकड्याची दोन्ही तोंडं उघडी ठेवा, म्हणजे ते आतपर्यंत पोहोचेल. ही बाटली बर्फात ठेवायची नाही, कारण गोठलं तर पेशी फाटतात. दुसऱ्या डब्यात ताजा माल. दोऱ्याने दोन्ही टोकांना बांधलेलं आतडं, विष्ठा आणि स्वॅब जेल पॅकसोबत थर्माकोलच्या डब्यात, ४ अंशांच्या आसपास.

दोन डबे का, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्याकडे एस.टी.च्या पार्सलने एक डबा आला. उघडला तर बर्फाच्या पिशव्या फुटून पाणी झालेलं, फॉर्मेलिनच्या बाटलीचं झाकण सैल, आणि ते सगळं स्वॅबच्या नळ्यांत शिरलेलं. शाईच्या पेनने लिहिलेली चिठ्ठी निळ्या पाण्यात विरघळली होती. नमुने अगदी योग्य पिलांचे, योग्य वेळी घेतलेले होते. आम्ही तरीही पीसीआर लावून पाहिला, काही हाती आलं नाही, आणि 'नमुना तपासणीयोग्य नाही' असं लिहून द्यावं लागलं. ज्यांनी पहाटे पाचला उठून तो डबा बांधला होता, त्यांना फोनवर हे सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो: नळीवर पेन्सिलीने लिहा, चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून झाकणाला आतून चिकटवा, फॉर्मेलिन वेगळं पाठवा.

पीसीआरमध्ये रोटाव्हायरस पॉझिटिव्ह आला. म्हणजे कारण सापडलं ना?

कदाचित. याच कदाचितसाठी मला थोडं थांबायचं आहे.

रोटाव्हायरस अगदी ठणठणीत पिलांच्या विष्ठेतही सापडतो. पीसीआर इतका संवेदनशील असतो की थोडासाही विषाणू पकडतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका फार्मला 'रोटाव्हायरस ए पॉझिटिव्ह' एवढाच रिपोर्ट दिला आणि फाइल मिटली. त्यांनी माद्यांची काळजी वाढवली, शेड निर्जंतुक केलं, पण जुलाब थांबेनात. महिन्याभराने त्यांनी पुन्हा नमुने आणले, या वेळी आतडंही होतं. स्लाइडवर रसांकुरांच्या पेशींत कॉक्सिडियाच्या अवस्था ठासून भरलेल्या होत्या. विष्ठा तरंगवून पाहण्याची अगदी साधी तपासणी मी पहिल्या वेळी केली नव्हती. त्या महिन्यात गेलेल्या पिलांचा हिशेब माझ्या मनातून गेलेला नाही.

त्यामुळे आता आम्ही तीन गोष्टी जुळतात का ते पाहतो. विषाणू आहे का, रसांकुर झिजलेत का, आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे प्रतिपिंड वापरून स्लाइड रंगवण्याची तपासणी, केली तर विषाणूचं प्रथिन त्या झिजलेल्या जागेवरच्या पेशींत तपकिरी रंगाने उमटतं का. तिन्ही जुळलं की 'कारण' हा शब्द वापरायचा. सोबत जिवाणूंचं कल्चर आणि कॉक्सिडियाची तपासणी असायलाच हवी, कारण दोन-तीन जंतू मिळून आलेले असणं हीच नेहमीची परिस्थिती आहे. नव्या कळपात पीईडी किंवा टीजीई सापडला तर मात्र गोष्ट वेगळी. ते तिथे उगीच नसतात.

रिपोर्टवर सीटी १८ आणि सीटी ३६ असं लिहिलंय. दोन्ही पॉझिटिव्हच ना?

दोन्ही पॉझिटिव्ह, पण दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. कोविडच्या काळात हा आकडा घराघरात पोहोचला, त्यामुळे समजावणं सोपं झालंय. सीटी म्हणजे पीसीआरच्या कितव्या फेरीला विषाणू दिसला तो आकडा; तो जितका कमी, तितका विषाणू जास्त. प्रत्येक फेरीत विषाणूच्या जनुकाच्या प्रती दुप्पट होतात. १८ फेऱ्यांचा फरक म्हणजे २,६२,१४४ पट. सीटी १८ चं पिल्लू विष्ठेतून विषाणूचा पूर सोडत असतं. सीटी ३६ म्हणजे आजाराची सुरुवात, शेवट, किंवा शेजारच्या पेनमधून पायाला लागून आलेली घाण, यातलं काहीही असू शकतं. पैसे वाचवायला पाच स्वॅब एकत्र करून तपासले तर पॉझिटिव्ह नमुना पाचपट पातळ होतो आणि सीटी साधारण २.३ ने वाढतो. फार्मभर जुलाब असताना हे चालतं. पण आजार गेला का, हे पाहताना एकेक स्वॅब वेगळा लावा. सीटीची तुलना एकाच प्रयोगशाळेच्या, एकाच पद्धतीच्या रिपोर्टांतच करायची, हेही लक्षात ठेवा.

तुमच्याकडे अजून जेलवर रोटाव्हायरस बघतात असं ऐकलं. ही पद्धत जुनी झाली नाही का?

जुनी झाली आहे आणि मला ती आवडते. रोटाव्हायरसचं जनुकीय द्रव्य ११ तुकड्यांत असतं. विष्ठेतून आरएनए काढून पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेलवर रात्रभर विजेच्या प्रवाहात चालवलं की तुकडे आकाराप्रमाणे वेगळे होतात. सकाळी जेल सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचं, धुवायचं, आणि ट्रेमध्ये हळूहळू हलवत राहायचं. पाच-सात मिनिटांत पिवळसर जेलवर तपकिरी रेघा उमटू लागतात. चार, दोन, तीन, दोन अशा पुंजक्यांत आल्या तर गट ए. चार, तीन, दोन, दोन आल्या तर गट सी. चार, दोन, दोन, तीन म्हणजे गट बी. महागडं यंत्र नको, किट नको, आणि पीसीआरमध्ये विषाणूचं जनुक ओळखणारा तुकडा, म्हणजे प्रायमर, जुळला नाही म्हणून विषाणू निसटण्याची भीती नाही. मात्र विष्ठेत विषाणू भरपूर असावा लागतो, थोडा असला तर रेघा दिसत नाहीत.

पीसीआर करणाऱ्या नव्या सहकाऱ्यांसाठी एक सूचना. हा आरएनए दुपदरी असतो. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनच्या आधी ९५ अंशांवर पाच मिनिटं तापवून लगेच बर्फात ठेवला नाही तर पदर सुटत नाहीत, आणि भरलेला नमुनाही निगेटिव्ह येतो.

मेडिकलमध्ये मिळणारं लहान मुलांचं रोटाव्हायरस किट चालेल का?

गट ए साठी बऱ्याचदा चालतं, कारण ते ज्या व्हीपी६ प्रथिनाला ओळखतं ते त्या गटाच्या सर्व विषाणूंत सारखंच असतं. दोन रेघा आल्या तर माहिती उपयोगी आहे. एकच आली तर काहीही सिद्ध होत नाही. गट बी आणि सी या किटला दिसतच नाहीत, आणि गट सी तर अगदी तान्ह्या पिलांतही आजार करतो.

रक्त तपासून निदान होईल का? रक्त घेणं सोपं जातं.

चालू असलेल्या जुलाबाचं निदान रक्तावरून होत नाही. प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि तान्ह्या पिलाच्या रक्तातली प्रतिपिंडं बहुधा आईच्या चिकातून आलेली असतात. रक्ताचा उपयोग कळपाचा इतिहास वाचायला होतो. आजाराच्या सुरुवातीला आणि दोन-तीन आठवड्यांनी, असे एकाच मादीचे दोन नमुने घेतले आणि पातळी चौपट वाढली तर अर्थ लागतो.

टीजीईबाबत तर एक जुनी अडचण आहे. १९८४ मध्ये बेल्जियममध्ये टीजीईचाच एक बदललेला विषाणू सापडला. त्याच्या स्पाइक प्रथिनाच्या जनुकातला मोठा तुकडा गळलेला होता. त्यामुळे तो आतडं सोडून श्वसनमार्गात वाढू लागला आणि हवेतून पसरू लागला. डुकरांना त्याने फारसं काही होत नाही, उलट त्याच्या प्रसारानंतर युरोपात टीजीई कमी झाला. पण नेहमीच्या न्यूट्रलायझेशन चाचणीत दोघांची प्रतिपिंडं सारखीच दिसतात. गळलेल्या तुकड्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी ब्लॉकिंग एलायझा ही चाचणी केल्याशिवाय फरक कळत नाही. डुकरं आयात-निर्यात करणाऱ्यांना हे ठाऊक असलेलं बरं.

विषाणू वाढवून का दाखवत नाही?

निदानासाठी गरज नसते. पीईडीचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवलेल्या व्हेरो पेशींत वाढतो, पण माध्यमात ट्रिप्सिन हे पाचक विकर घालावं लागतं आणि सीरम काढून टाकावं लागतं, कारण सीरम ट्रिप्सिनला निष्प्रभ करतं. हे जमायलाच १९८८ उजाडलं. त्यात आठवडे जातात आणि अनेक नमुने वाढतच नाहीत. लस आणि संशोधनासाठी ते महत्त्वाचं, तुमच्या पिलांसाठी नाही.

जुलाब आहेत, पण मोठी डुकरंही तापाने मरताहेत. पोस्टमॉर्टेम करू का?

थांबा. शव उघडू नका.

खूप ताप, कान आणि पोटाची कातडी लालसर-जांभळी, रक्ताळ विष्ठा, सगळ्या वयांत मरतुक, अशी लक्षणं असतील तर आफ्रिकन स्वाइन फीव्हर किंवा क्लासिकल स्वाइन फीव्हर असू शकतो. आफ्रिकन स्वाइन फीव्हर भारतात २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशातून पहिल्यांदा नोंदला गेला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांत त्यावर औषध नाही, आणि सांडलेल्या रक्तातून तो गावभर पसरतो. अशा वेळी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणं कायद्यानेही बंधनकारक आहे. नमुने त्यांच्यामार्फत भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात.

हॉटेलचं खरकटं घालणाऱ्यांना हात जोडून विनंती: ते उकळून घाला. खरकट्यात डुकराच्या मांसाचा तुकडा आला तर हे दोन्ही आजार त्यातून शिरू शकतात.

महाराष्ट्रात आणि गोव्यात नमुने कुठे द्यायचे?

सुरुवात तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून करा. राज्याचा रोग अन्वेषण विभाग पुण्यात औंधला आहे आणि पश्चिम विभागाची प्रादेशिक रोग निदान प्रयोगशाळाही तिथेच आहे. मुंबई, नागपूर आणि इतर ठिकाणच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतले विकृतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभाग स्लाइड आणि कल्चरसाठी मदत करतात. डुकरांवरच काम करणारी केंद्रीय संशोधन संस्था गुवाहाटीजवळ राणी इथे आहे. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक तपासणी होत नाही. डबा बांधण्याआधी फोन करा आणि हवी ती तपासणी सध्या होते का ते विचारा.

रिपोर्ट येईपर्यंत काय करू?

पिलं विषाणूपेक्षा पाणी कमी पडून आणि गारठून जास्त मरतात. बल्ब किंवा हीटर लावून पिलांची जागा ३२ अंशांच्या आसपास कोरडी ठेवा. उथळ भांड्यात इलेक्ट्रोलाइटचं पाणी दिवसातून पाच-सहा वेळा ताजं ठेवा. आधी निरोगी पेनमध्ये काम, आजारी पेनमध्ये शेवटी, आणि तिथले बूट तिथेच सोडायचे. प्रतिजैविकाने विषाणू मरत नाही. ते द्यायचं की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या, आणि द्यायचं ठरलं तर नमुना आधी घ्या.

परदेशात म्हणे आजारी पिलांची विष्ठा गाभण माद्यांना खाऊ घालतात. आम्ही करावं का?

याला फीडबॅक म्हणतात. मादीला विषाणूची ओळख व्हावी आणि दुधातून आयजीए प्रतिपिंडं पिलांना मिळावीत, हा हेतू. पीईडीच्या साथीत अमेरिकेत ते मोठ्या प्रमाणावर झालं. पण त्या विष्ठेत आणखी काय काय आहे हे न तपासता केलं तर आपण एका आजारासोबत चार आजार वाटतो. स्वाइन फीव्हरचा धोका असलेल्या आपल्या भागात, निदान हातात नसताना, मी कुणालाही हे करायला सांगणार नाही.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. आता?

आधी बघा, नमुना कोणत्या दिवशीचा होता आणि कशासाठी तपासला होता. पीईडीसाठी निगेटिव्ह म्हणजे रोटाव्हायरससाठी निगेटिव्ह नव्हे. विष्ठेतल्या पित्तक्षारांमुळेही पीसीआर अडतो, म्हणून रिपोर्टवर इंटर्नल कंट्रोल, म्हणजे तपासणी अडली नाही ना हे दाखवणारी सोबतची चाचणी, चालला का, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. तो चालला नसेल तर त्या निगेटिव्हला किंमत नाही. जुलाब सुरूच असतील तर नव्याने आजारी पडलेल्या पिलांचे नमुने पुन्हा पाठवा.

नमुन्यासोबत चिठ्ठीत काय लिहू?

पिलांचं वय. जुलाब कोणत्या दिवशी, किती वाजता सुरू झाले. किती माद्यांखालची पिलं आजारी, किती मेली. उलट्या आहेत का, माद्या खाताहेत का. मादी पहिलटकरीण की जुनी. कोणतं औषध, केव्हा दिलं. लसी कोणत्या झाल्या. गेल्या महिन्यात नवीन जनावर, नवीन खाद्य किंवा बाहेरची गाडी आली का. लिटमसचा रंग. तुमचा फोन नंबर, आणि कोणत्या वेळी उचलता तेही.

डबा सोमवार ते बुधवार यांदरम्यान पाठवा. शुक्रवारी संध्याकाळी निघालेला डबा रविवारभर कुठल्या तरी गोदामात पडून राहतो, आणि सोमवारी आम्ही झाकण उघडतो तोवर आतला बर्फ विरघळलेला असतो.